बर्फाळ किनाऱ्यावरील वैद्य : सर विल्फ्रेड ग्रेनफेल

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य टोकाला लॅब्रॅडोर नावाचा एक खडकाळ प्रदेश आहे. नोव्हेंबर-डिसेंबरापासून जवळजवळ जूनपर्यंत त्याचा समुद्र बर्फाने बांधला जातो. आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना समुद्र म्हटला की भरती-ओहोटी, रापण, होड्या आणि पावसाळ्यातील खवळलेले पाणी एवढेच डोळ्यांसमोर येते. समुद्रावरून कुत्र्यांची गाडी हाकीत एका गावाहून दुसऱ्या गावाला जाता येते, ही कल्पनाच आम्हांला विलक्षण वाटते. अशा त्या दूरच्या आणि उजाड किनाऱ्यावर ज्या इंग्रज डॉक्टराने आपल्या आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे रुग्णसेवेत वेचली, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

विल्फ्रेड ग्रेनफेल यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1865 रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात, डी नदीच्या मुखाशी वसलेल्या पार्कगेट या गावी झाला. वडील तेथे मुलांची शाळा चालवीत असत. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या वाळवंटात भटकणे, पक्ष्यांमागे धावणे आणि होडी वल्हविणे यांत या मुलाचे बालपण गेले. पुस्तकांपेक्षा मैदानी खेळांकडे त्याचा ओढा अधिक होता. पुढे 1883 साली तो वैद्यकाच्या शिक्षणासाठी लंडन हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. सर फ्रेडरिक ट्रीव्हज हे नामांकित शस्त्रवैद्य तेथे त्याचे गुरू होते.

लंडनच्या पूर्व भागातील दारिद्र्य त्या काळी फार भयंकर होते. 1885 सालच्या एका रात्री त्याच वस्तीतील एका रुग्णाला पाहून परत येताना ग्रेनफेल सहज एका मोठ्या तंबूत शिरले. तेथे मूडी नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाची सभा चालू होती. एक गृहस्थ इतकी लांबलचक प्रार्थना म्हणत होते की कंटाळून ग्रेनफेल उठू लागले. तोच मूडींनी, या बंधूंची प्रार्थना पुरी होईतो आपण एक गीत म्हणू या, असे सुचवून सभा पुढे नेली. हा व्यवहारीपणा त्या तरुणाला फार आवडला आणि तो थांबला. पुढे अशाच दुसऱ्या एका सभेत, ख्रिस्ताच्या मार्गाने जाण्याचा ज्यांचा निश्चय झाला असेल त्यांनी उभे राहावे, असे सांगण्यात आले. शंभर एक खलाशी पोरांच्या घोळक्यातून एकच मुलगा धीर करून उभा राहिला. सोबत्यांच्या थट्टेची पर्वा न करणाऱ्या त्या पोराकडे पाहून ग्रेनफेलही उठले. धर्म म्हणजे नुसती वाणी नव्हे, तर करावयाचे काम, अशी त्यांची जी धारणा तेव्हा झाली ती जन्मभर टिकली.

1888 साली ते डॉक्टर झाले आणि ट्रीव्हजांच्याच सल्ल्याने खोल समुद्रातील मच्छीमारांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेच्या जहाजावर नॉर्थ समुद्रात गेले. मच्छीमारांना दारू विकण्यासाठी तेथे खास गलबते फिरत असत. जखमी माणसाला मात्र डॉक्टर मिळणे दुर्लभ होते. हे काम चालू असतानाच अटलांटिकच्या पलीकडील मच्छीमारांच्या हालअपेष्टांची वार्ता संस्थेच्या कानी आली. तेव्हा 1892 साली ग्रेनफेल ‘आल्बर्ट’ नावाच्या छोट्या शिडाच्या जहाजातून तिकडे निघाले. ही केवळ एका उन्हाळ्याची फेरी व्हावयाची होती. न्यूफाउंडलंडची राजधानी सेंट जॉन्स येथे ते पोहोचले तेव्हा ते शहर नुकत्याच लागलेल्या प्रचंड आगीने जळत होते. तेथून ते उत्तरेला लॅब्रॅडोरकडे वळले.

दर उन्हाळ्यात कॉड मासे पकडण्यासाठी न्यूफाउंडलंडची हजारो माणसे बायकामुलांसह त्या किनाऱ्यावर येत. कायमचे राहणारे गोरे वसाहतवाले आणि मूळचे इन्युइट लोक तेथे निराळेच होते. इन्युइटांमध्ये मोरेव्हियन पंथाचे मिशनरी 1771 पासून राहत आले होते. परंतु दक्षिणेकडील शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर शिकलेला डॉक्टर असा कोणी नव्हता. जहाज नांगरताच रोग्यांची रीघ लागली. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एक फाटका माणूस मोडक्या होडीतून जवळ आला आणि हे खरेच डॉक्टर आहेत काय, अशी त्याने साशंकपणे विचारणा केली. ग्रेनफेल त्याच्याबरोबर गेले. गवताळ मातीने शाकारलेली एक झोपडी, जमिनीला किनाऱ्यावरचे गोटे, कोपऱ्यात भेदरलेली सहा मुले, आणि फळ्यांच्या बाजेवर न्युमोनियाने तळमळणारा एक माणूस. त्याची बायको त्याला चमच्याने थंड पाणी पाजीत होती. रोग्याला शुश्रूषा हवी होती, उबदार जागा हवी होती, पोषक अन्न हवे होते. डॉक्टरांपाशी थोडे औषध होते, पण त्यांचे जहाज थांबणार नव्हते. दोन महिन्यांनी ते परत त्या बाजूला आले तेव्हा तो माणूस मरण पावला होता आणि त्याचे कुटुंब सरकारी मदतीवर कसेबसे जगत होते.

त्या मोसमात ग्रेनफेल यांनी सुमारे नऊशे रोगी तपासले. तेवढ्यावर समाधान मानून ते इंग्लंडला परतले असते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण त्या झोपडीने त्यांना एक गोष्ट शिकविली होती. वर्षातून एकदा येऊन जाणाऱ्या डॉक्टराचा उपयोग रोग्याला तो तेथे असेल तोवरच होतो. रुग्णालय हवे, परिचारिका हव्यात, आणि हिवाळ्यात तेथे राहणारा माणूस हवा. पुढच्याच वर्षी, 1893 साली, ते दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका घेऊन परत आले. बॅटल हार्बर येथे एका व्यापाऱ्याने दिलेल्या इमारतीत पहिले रुग्णालय उघडले, आणि त्यामागून इंडियन हार्बर येथे दुसरे. 1900 नंतर न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकावरील सेंट अँथनी हे या कार्याचे मुख्य ठाणे झाले. ‘स्ट्रॅथकोना’ नावाची आगबोट हे त्यांचे फिरते रुग्णालय होते.

औषधाच्या बाटलीने सगळे रोग हटत नाहीत, हेही त्यांना लवकरच कळून आले. तेथील मच्छीमाराच्या हाती रोख पैसा जवळजवळ येतच नसे. वसंतात तो व्यापाऱ्याकडून पीठ, काकवी, चहा, मीठ आणि जाळी उधार घेई आणि शरद ऋतूत खारवलेले मासे देऊन ते कर्ज फेडी. मालाचा भाव व्यापारी ठरवी आणि माशांचाही भाव व्यापारीच ठरवी. त्यामुळे बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. होडीसाठी आगाऊ उचल घेऊन वर्षानुवर्षे सावकाराच्या वहीत अडकलेली माणसे आमच्याकडच्या वाचकांनाही अपरिचित नसतील. ग्रेनफेल यांनी 1896 साली रेड बे या गावी मच्छीमारांचे सहकारी दुकान काढले. व्यापारी संतापले, आणि डॉक्टराने डॉक्टरकी सोडून दुकानदारी का करावी, असा सवाल अनेकांनी केला. ही दुकाने सगळीच टिकली नाहीत, काही बुडालीही. पण उपासमारीने खंगलेल्या माणसाला क्षयाचे औषध देऊन भागत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे ठरले नाही.

एवढे मोठे काम एकट्याने होणारे नव्हते. ग्रेनफेल हिवाळ्यात अमेरिका, कॅनडा व इंग्लंड येथे व्याख्याने देत हिंडत आणि तरुणांना लॅब्रॅडोरला येण्याचे आवाहन करीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा विद्यापीठांतील विद्यार्थी स्वतःच्या खर्चाने येऊ लागले. पगार नाही, मान नाही. विटा वाहाव्या, चर खणावे, कोळसा उतरवावा. रॉकफेलर घराण्यातील नेल्सन, जो पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला, तोही तरुणपणी एका उन्हाळ्यात तेथे राबून गेला. डॉक्टर आले, शिक्षक आले, तसेच दंतवैद्यही आले. पांढरे पीठ, काकवी आणि चहा यांवर जगणाऱ्या त्या लोकांचे दात फार लवकर किडत. दाढदुखीवर मंत्र आणि गळ्यात बांधलेले ताईत हाच तेथील बहुतेकांचा उपाय होता. ज्याने कधी रात्रभर दाढदुखी सोसली असेल, त्याला त्या दंतवैद्यांच्या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको.

या स्वयंसेवकांपैकी काहीजण आले ते उन्हाळ्यापुरते, पण राहिले वर्षानुवर्षे. बोस्टनचे डॉ. जॉन मेसन लिटल हे 1907 साली आले आणि दहा वर्षे राहिले. लोकांच्या पायांतील बळ जाते तो बेरीबेरी रोग तेथे नेहमीचा होता. 1910 च्या सुमारास सकस गव्हाचे न चाळलेले पीठ घेऊन जाणारे एक जहाज किनाऱ्यावर फसले आणि ते पीठ लोकांच्या पोटात गेले. त्या भागात त्या वर्षी बेरीबेरी दिसला नाही. लिटल यांनी या साऱ्या अनुभवाचा अभ्यास करून रोगाचे मूळ पांढऱ्या शुभ्र पिठात असल्याचे 1912 साली प्रसिद्ध केले. डॉ. चार्ल्स कर्टिस हे 1915 साली आले. पुढे तेच ग्रेनफेल यांचे उत्तराधिकारी झाले.

ग्रेनफेल यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग 1908 च्या एप्रिलमधील आहे. ईस्टरच्या सणात निरोप आला की दक्षिणेला साठ मैलांवर, ज्याच्या मांडीच्या हाडावर दोन आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया केली होती, त्या मुलाची जखम चिघळली असून त्याचा जीव धोक्यात आहे. ग्रेनफेल आठ कुत्र्यांची गाडी जुंपून निघाले. वाट वाचावी म्हणून त्यांनी गोठलेल्या खाडीवरून गाडी घातली आणि वारा फिरल्याने बर्फ फुटला. गाडी बुडाली. कुत्र्यांच्या दोऱ्या कापून, गोठवणाऱ्या पाण्यात पोहत, ते कसेबसे बर्फाच्या एका लहानशा तुकड्यावर चढले. कपडे गेले, अन्न गेले, आणि तो तुकडा वाऱ्याबरोबर उघड्या समुद्राकडे वाहू लागला. रात्री थंडीने मरण येणार हे उघड होते. तेव्हा त्यांनी तीन कुत्री मारली, त्यांची कातडी अंगाला गुंडाळली आणि त्यांच्या देहांचा वाऱ्याला आडोसा केला. सकाळी त्याच कुत्र्यांच्या गोठलेल्या पायांची काठी बांधून तिच्यावर आपल्या सदऱ्याचे निशाण लावले. पाच मच्छीमारांनी फुटत्या बर्फातून होडी घालून त्यांना वाचविले. ही माणसे त्यांच्यापाशी उपचार घेणाऱ्यांपैकीच होती. त्या दिवशी वाचविणारे ते होते आणि वाचलेला होता डॉक्टर. तो आजारी मुलगाही पुढे होडीने रुग्णालयात आणला गेला आणि बरा झाला.

मूडी, वॉच आणि स्पाय ही त्या तीन कुत्र्यांची नावे. आपल्यासाठी त्यांनी प्राण दिले, अशा आशयाची ब्राँझची पाटी ग्रेनफेल यांनी आपल्या घरात लावली. मुक्या प्राण्यांची ही हत्या वाचून आमच्या बालवाचकांचे मन कळवळेल. ते योग्यच आहे. ग्रेनफेल यांचेही मन कळवळले होते, म्हणून तर त्यांनी ती नावे विसरू दिली नाहीत.

यश सगळ्याच कामांत आले असे नाही. 1908 च्या सुरुवातीस त्यांनी लॅपलंडहून तीनशे रेनडियर आणविले. दूध, मांस आणि वाहन असा तिहेरी लाभ त्यांतून व्हावा, हा हेतू. कळप आरंभी वाढला, पण पुढे चोरट्या शिकारीने व इतर कारणांनी तो उद्योग बसला. यापेक्षा गंभीर तक्रार खुद्द न्यूफाउंडलंडच्या लोकांची होती. निधी जमविताना ग्रेनफेल परदेशांत त्यांच्या दारिद्र्याची जी चित्रे रंगवीत, त्यांनी त्या लोकांचा स्वाभिमान दुखावे. आम्ही मासे मारून स्वतःचे पोट भरणारी माणसे, आम्हांला जगापुढे भिकारी करून का उभे करता, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आम्हांला रास्त वाटतो. दुसऱ्याच्या गरजेची दवंडी पिटून केलेली मदत, ती कितीही प्रेमाची असली तरी, घेणाऱ्याची मान खाली घालते. या बाबतीत त्यांनी सुरू केलेला हस्तोद्योगाचा मार्ग अधिक चांगला होता. जेसी ल्यूथर या अमेरिकन कलाशिक्षिकेच्या साहाय्याने तेथील स्त्रिया विणकाम करू लागल्या. पुढे शहरांतून पाठविलेल्या जुन्या रेशमी पायमोज्यांपासून त्यांनी बनविलेल्या चित्रमय चटया दूरदूर खपल्या. ते पैसे दानाचे नव्हते, कष्टाचे होते.

1909 साली ग्रेनफेल यांचा विवाह अ‍ॅन मॅक्लॅनहन या अमेरिकन तरुणीशी झाला. 1914 साली सर्व कामाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. 1927 साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 1938 साली पत्नी निवर्तली. तिच्या अस्थी त्यांनी दुसऱ्या वर्षी सेंट अँथनीला नेल्या. 9 ऑक्टोबर 1940 रोजी अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात त्यांनी देह ठेवला आणि त्यांच्याही अस्थी त्याच टेकडीवरील खडकात ठेवण्यात आल्या.

न्यूफाउंडलंड 1949 साली कॅनडात सामील झाले. ग्रेनफेल यांच्या संस्थेने उभारलेली आरोग्यसेवा 1981 साली तेथील सरकारने आपल्याकडे घेतली. पूर्वी परक्या देशांच्या देणग्यांवर चालणारी रुग्णालये लोकांच्या स्वतःच्या हक्काची झाली. आम्हांला वाटते, त्या चरित्रातील हा भाग बर्फावरच्या त्या रात्रीइतकाच महत्त्वाचा आहे. कारण त्या पहिल्या झोपडीतील रोग्याला जे हवे होते, ते त्याच्या नातवंडांना अखेर कोणाच्या दयेवाचून मिळू लागले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे डॉक्टर होतील, कोणी परिचारिका, कोणी दंतवैद्य. आडगावी शिबिरासाठी जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर येईल. तेव्हा आपण निघून गेल्यावर त्या गावात कोण उरणार, एवढा विचार त्यांनी जरूर करावा आणि जमल्यास दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच गावी जावे.