भुलेचे यंत्र आणि रणांगणाची कसोटी

1937 साल. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. जखमींच्या चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या एका सर्जनबरोबर डॉ. रॉबर्ट मॅकिंटॉश तेथे पोहोचले. लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचा जम बसलेला. मोटारसम्राट लॉर्ड नफील्ड यांच्या देणगीतून ऑक्सफर्डमध्ये निर्माण झालेले भूलशास्त्राचे प्राध्यापकपद त्याच वर्षी त्यांच्याकडे आले होते. युरोपातले ते पहिलेच. पण स्पेनमध्ये गॅसची सिलिंडरेच मिळेनात. ज्या आधुनिक यंत्रावर हात बसला होता, ते निरुपयोगी. अखेर छिद्रे पाडलेला पत्र्याचा डबा आणि त्यात ईथर, एवढ्यावर त्यांनी काम भागवले.

युद्ध त्यांना नवे नव्हते. 1897 साली न्यूझीलंडमधील टिमारू येथे जन्मलेले मॅकिंटॉश पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. 1917 मध्ये त्यांचे विमान पडले, ते जर्मनांच्या कैदेत सापडले आणि तिथून निसटण्याची त्यांनी पुन्हा पुन्हा धडपड केली.

स्पेनहून परतल्यावर त्यांनी ठरवले, की यंत्र हवे ते सिलिंडर आणि वीज न मागणारे. अडचण ईथरचीच होती. उडून जाताना ते स्वतः थंड होते. मग वाफ कमी पडते आणि रुग्णाची भूल उतरू लागते. ऑक्सफर्डमधील सहकारी एप्स्टाइन आणि मेंडेल्सन यांनी त्यावर तोड काढली. हे दोघेही हिटलरच्या जर्मनीतून आलेले शास्त्रज्ञ. ईथरभोवती कॅल्शियम क्लोराईडचे क्षार ठेवायचे आणि गरम पाण्याने ते वितळवायचे. थिजताना हे क्षार बराच वेळ एकसारखी ऊब देत राहतात. गॅसच्या जागी साधी हवा, आणि सोबत हाताने चालवायचा भाता. 1941 साली हे 'ऑक्सफर्ड व्हेपोरायझर' जगापुढे आले. नफील्ड यांच्या मोटार कारखान्यात त्याचे उत्पादन झाले आणि ते सैन्याबरोबर रणांगणावर गेले.

पुढे 1950 च्या दशकात त्यातूनच 'ईएमओ' हे सुटसुटीत यंत्र घडले. गरीब देशांतील छोट्या रुग्णालयांनी ते अनेक वर्षे वापरले. 1955 मध्ये मॅकिंटॉश 'सर' झाले. 1989 मध्ये त्यांचे निधन झाले.

यंत्र टिकाऊ आहे की नाही, हे केवळ त्याच्या पत्र्यावरून कळत नाही. पुरवठा तुटल्यावरही टेबलावरचा जखमी वेदनेविना झोपलेला राहतो का, हीच त्याची परीक्षा. स्पेनमध्ये त्यांचे स्वतःचे यंत्र तिच्यात नापास झाले होते. मॅकिंटॉश ते विसरले नाहीत.