कोनराड त्सूझे : घरच्या खोलीत संगणक जुळविणारा अभियंता

स्वतःसाठी घरी डेस्कटॉप संगणक जुळवून घेणाऱ्याला काही प्रश्न चुकत नाहीत. प्रोसेसर कोणता घ्यावा, मेमरी किती असावी, जुन्या संगणकातले काय ठेवावे व काय बदलावे, आणि या सर्वांचा मेळ खिशातल्या पैशांशी कसा घालावा? १९३६ साली बर्लिनमधील एका पंचविशीतल्या अभियंत्यापुढे नेमके हेच प्रश्न उभे होते. फरक इतकाच की, त्याला पाहून शिकावे असा एकही तयार संगणक तेव्हा जगात नव्हता आणि त्याचे सुटे भाग विकणारे दुकानही नव्हते. या अभियंत्याचे नाव कोनराड त्सूझे.

त्सूझे यांचा जन्म २२ जून १९१० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या नोकरीमुळे कोनराड यांचे बालपण पूर्व प्रशियातील ब्राउन्सबेर्ग आणि नंतर होयर्सवेर्डा या गावांत गेले. चित्रकला आणि यंत्रे या दोन्हींची त्यांना सारखीच ओढ होती. १९२८ मध्ये शालान्त परीक्षा देऊन ते बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात दाखल झाले. यंत्र अभियांत्रिकी आणि वास्तुकला यांची चाचपणी करून अखेर ते स्थापत्य अभियांत्रिकीकडे वळले आणि १९३५ मध्ये पदवीधर झाले.

स्थापत्याच्या अभ्यासात त्यांना सर्वाधिक जाच झाला तो आकडेमोडीचा. एखाद्या बांधकामावर येणारा ताण काढायचा तर अनेक समीकरणे एकामागून एक सोडवावी लागत. तीच बेरीज, तोच गुणाकार, ठरलेल्या क्रमाने पुन्हा पुन्हा. हा क्रम जर आधीच ठरलेला आहे, तर तो माणसाने का पाळावा, यंत्राने का नाही, हा विचार त्यांच्या मनात विद्यार्थिदशेतच रुजला. पदवीनंतर हेन्शेल या विमान कंपनीत भागांच्या मजबुतीचे हिशेब करण्याचे काम मिळाले, तेव्हा तोच कंटाळवाणा व्याप दसपटीने समोर आला. वर्षभरातच त्यांनी ती चांगली नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरात गणकयंत्र बांधण्याचा निश्चय केला.

घरच्यांना हा निर्णय रुचण्यासारखा नव्हता. तरीही आईवडिलांनी घरातली मोठी खोली मोकळी करून दिली. बहीण लीझेलोट हिने पैशांची मदत केली. विद्यार्थिदशेतल्या मित्रांनी कोणी पैसे दिले, कोणी संध्याकाळी येऊन हाताने काम केले. पुढे कुर्ट पान्के या गणकयंत्रांच्या उत्पादकानेही साह्य केले. या तुटपुंज्या भांडवलावरच भागांची निवड व्हायची होती.

त्या काळची गणकयंत्रे दहा दात्यांच्या चाकांवर चालत. अशी चाके अचूक घडवायला निष्णात कारागीर आणि महाग यंत्रे लागतात. त्सूझे यांनी दशमान पद्धतीच बाजूला ठेवली आणि द्विमान पद्धती स्वीकारली. शून्य आणि एक एवढेच दोन अंक दाखवायचे असतील तर चाकाची गरज उरत नाही. दोनच स्थितींत राहू शकणारी कोणतीही वस्तू पुरते. मग अशी वस्तू कोणती? टेलिफोनच्या केंद्रात वापरले जाणारे विद्युतचुंबकीय रिले हे काम करू शकत होते, पण ते हजारोंच्या संख्येने लागले असते. त्यांची किंमत परवडणारी नव्हती आणि खोलीही अपुरी पडली असती. म्हणून त्यांनी पातळ धातूचे पत्रे निवडले. पत्रा थोडा पुढे सरकला की एक, जागीच राहिला की शून्य. एका पत्र्याची हालचाल छोट्या खिळ्याच्या मध्यस्थीने दुसऱ्या पत्र्याकडे पोहोचे किंवा अडविली जाई. असे हजारो पत्रे त्यांनी आणि मित्रांनी करवतीने हाताने कापले.

१९३८ मध्ये हे यंत्र उभे राहिले. पुढे त्याला झेड-१ हे नाव मिळाले. वजन सुमारे एक टन. त्याची स्मृती ६४ संख्यांची होती आणि प्रत्येक संख्या २२ द्विमान अंकांची. आज्ञावली छिद्रांच्या रूपाने टाकाऊ चित्रपट फिल्मवर नोंदलेली असे. गणन करणारा भाग, स्मृती, नियंत्रण आणि माहिती आत-बाहेर नेण्याची सोय या चारही विभागांची स्वतंत्र मांडणी त्यात होती. आराखडा निर्दोष होता. पण हाताने कापलेल्या भागांत हवी तितकी अचूकता नव्हती. गणनाचा भाग मध्येच अडके आणि हिशेब अर्धवट राही.

येथेच त्सूझे यांच्या स्वभावातले वैशिष्ट्य दिसते. त्यांनी सगळे यंत्र मोडीत काढले नाही. दोष नेमका कोठे आहे हे पाहिले. पत्र्यांची स्मृती चांगली चालत होती. बिघाड होता तो गणनाच्या भागात, कारण तेथे अनेक पत्र्यांना एकमेकांना ढकलत दूरवर हालचाल पोहोचवावी लागे. म्हणून दुसऱ्या यंत्रासाठी त्यांनी जुनी स्मृती तशीच ठेवली आणि गणनाचा विभाग तेवढा सुमारे ६०० वापरलेल्या टेलिफोन रिलेंचा केला. ६०० रिले मिळविणे अवघड होते, पण आवाक्याबाहेरचे नव्हते.

त्यांचा मित्र हेल्मुट श्रायर विद्युत अभियंता होता. त्याने यापुढचा पर्याय सुचविला : रेडिओतल्या व्हॅक्यूम ट्यूब. रिलेची पट्टी हलायला वेळ लागतो. ट्यूबमध्ये हलणारा भागच नसल्याने वेग हजारपटीने वाढू शकत होता. श्रायर यांनी ट्यूबची मंडले तयार केली आणि त्यावरच १९४१ मध्ये डॉक्टरेट मिळविली. परंतु संपूर्ण संगणकासाठी सुमारे २००० ट्यूब लागतील, हा अंदाज ऐकणाऱ्यांना कल्पनाविलास वाटला. युद्ध लवकरच जिंकले जाईल या भ्रमात असलेल्या अधिकाऱ्यांनी इतक्या दीर्घ मुदतीच्या कामाला पाठबळ दिले नाही. त्सूझे यांना ट्यूबची महती पटली होती. पण मिळण्याची खात्री नसलेल्या भागांवर यंत्र अवलंबून ठेवायला ते तयार नव्हते. पुढचे यंत्र त्यांनी रिलेंचेच करायचे ठरविले.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि त्सूझे यांना सैन्यात जावे लागले. काही महिन्यांनी त्यांची सुटका झाली ती हेन्शेल कंपनीच्या कामासाठी. विमानातून सोडल्या जाणाऱ्या नियंत्रित बॉम्बच्या पंखांच्या घडणीत राहणाऱ्या त्रुटींसाठी दुरुस्तीचे आकडे काढणे हे ते काम. त्यासाठी त्यांनी रिलेंची खास गणकयंत्रेही बांधली. संगणकाचा इतिहास लिहिताना ही बाजू झाकता येणार नाही. त्यांच्या कल्पनांना जो आश्रय मिळाला तो शस्त्रास्त्रांच्या कामातून मिळाला, आणि त्याच आश्रयामुळे ते आघाडीवर जाण्यापासून वाचले.

झेड-३ या यंत्राचे प्रात्यक्षिक १२ मे १९४१ रोजी बर्लिनमध्ये झाले. विमानविद्येच्या संशोधन संस्थेने त्यासाठी काही अर्थसाह्य दिले होते. आज्ञावलीनुसार आपोआप चालणारा, प्रत्यक्ष काम करणारा जगातला पहिला संगणक म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यात सुमारे २६०० रिले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक केवळ स्मृतीसाठी खर्च झाले, कारण ६४ संख्यांच्या प्रत्येकी २२ अंकांना एकेक रिले धरला तरी १४०८ होतात. एका गुणाकाराला सुमारे तीन सेकंद लागत. रिलेच्या संपर्कबिंदूंवर ठिणग्या पडल्या तर ते लवकर झिजतात. म्हणून रिले आपल्या स्थितीत आल्यानंतरच त्यांच्या संपर्कांतून वीज सोडायची, अशी योजना त्यांनी फिरत्या ढोलाच्या साह्याने केली. भाग साधेच होते. ते दीर्घकाळ टिकावेत याची काळजी मांडणीने घेतली होती.

डिसेंबर १९४३ मधील बॉम्बहल्ल्यात झेड-३ नष्ट झाला. झेड-१ही युद्धात गेला. तेव्हा झेड-४ ची बांधणी सुरू होती आणि भागांचा प्रश्न पुन्हा पुढे आला. हजारभर संख्यांची स्मृती ३२ अंकी ठेवून रिलेंनी करायची म्हटली, तर ३२ हजारांहून अधिक रिले लागले असते. त्सूझे यांनी गणनासाठी रिले ठेवले आणि स्मृतीसाठी पुन्हा आपल्या पत्र्यांकडे वळले. वरवर पाहता हे मागे जाणे होते. पण कमी जागेत, कमी खर्चात आणि खात्रीने आकडे साठविणारे दुसरे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

१९४५ च्या आरंभी बर्लिन सोडून ते हे यंत्र घेऊन ग्योटिंगेनला आले. तेथून ते हार्त्स डोंगरातल्या भुयारी कारखान्यांत हलविण्याचा आदेश निघाला. त्या कारखान्यांत बंदिवान कैद्यांकडून क्षेपणास्त्रे बनवून घेतली जात. त्सूझे यांनी यंत्र तेथे ठेवले नाही. ते दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याच्या खेड्यात नेऊन लपविले. त्या बेकारीच्या दिवसांत त्यांनी संगणकासाठी एक उच्च पातळीची भाषा रचण्याचे काम पूर्ण केले. तिला त्यांनी प्लांकाल्क्यूल हे नाव दिले.

१९४९ मध्ये झुरिचच्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक एडुआर्ड श्टीफेल यंत्र पाहायला आले. त्यांनी एक विकल समीकरण सोडवायला दिले आणि उत्तर बरोबर आल्यावर झेड-४ भाड्याने घेतला. १९५० ते १९५५ या काळात त्याने झुरिचमध्ये काम केले. ट्यूबवर चालणारी अमेरिकी यंत्रे तोवर वेगात कितीतरी पुढे गेली होती, पण हा संथ संगणक भरवशाचा होता.

१९४९ मध्येच त्सूझे यांनी स्वतःची कंपनी काढली. तिने रिलेंचा झेड-११, ट्यूबचा झेड-२२ आणि १९६१ मध्ये ट्रान्झिस्टरचा झेड-२३ बाजारात आणला. प्रत्येक नवा भाग हाताशी येताच त्यांनी स्वीकारला. परंतु नव्या यंत्रांच्या संशोधनाला लागणारे भांडवल घरगुती उद्योगाच्या कुवतीबाहेरचे होते. १९६४ मध्ये कंपनी त्यांच्या हातून गेली आणि पुढे ती सीमेन्समध्ये विलीन झाली. १९४१ मध्ये केलेला पेटंटचा अर्जही १९६७ मध्ये, पुरेशी कल्पकता नाही या कारणाने, अखेरचा फेटाळला गेला. निवृत्तीनंतर ते तैलचित्रे काढण्यात रमले. १९८० च्या दशकात, वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी झेड-१ ची प्रतिकृती पुन्हा बांधली. ती बर्लिनच्या तंत्रविज्ञान संग्रहालयात आहे. १८ डिसेंबर १९९५ रोजी ह्युनफेल्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्सूझे यांच्या यंत्रांतला एकही भाग त्या काळातला सर्वांत वेगवान नव्हता. त्यांनी तो निवडला तो मिळण्याजोगा, परवडण्याजोगा आणि ज्याचा दोष आपल्याला ठाऊक आहे असा. म्युनिचच्या डॉइचेस म्युझियममध्ये झेड-४ आजही उभा आहे. त्यात टेलिफोनचे रिले आणि धातूचे पत्रे एकाच यंत्राचे भाग म्हणून शेजारीशेजारी पाहायला मिळतात.