रेषेचा अखंड सराव : चित्रकथाकार ओसामू तेझुका

वह्यांच्या शेवटच्या पानांवर चित्रे काढणारी मुले प्रत्येक वसतिगृहात असतात. पालकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो आणि मुलांना वाटते की चित्रकला ही जन्मतःच लाभावी लागते. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोगे एक चरित्र आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. तथागतांचे जीवन चित्रकथेतून मांडणारे जपानी कलावंत ओसामू तेझुका यांचे ते चरित्र आहे.

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाका प्रांतातील तोयोनाका येथे झाला. बालपण ताकाराझुका गावी गेले. कुरळे केस आणि चष्मा यांवरून शाळेत सोबती त्यांना छळीत. त्या एकाकीपणात दोन छंद जडले, कीटक गोळा करण्याचा आणि चित्रे काढण्याचा. भुंगेऱ्याचा प्रत्येक पाय, प्रत्येक सांधा न्याहाळून ते कागदावर उतरवीत. बारकाईने पाहण्याची सवय त्यांना तेथेच लागली. पुढे त्यांनी आपल्या नावाच्या अक्षरांत कीटकाचे अक्षरही जोडून घेतले. घरी आई चित्रकथा वाचून दाखवी. शिक्षकांनीही त्यांच्या चित्रांना उत्तेजन दिले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मात्र त्यांना मिळाले नाही. आवडत्या चित्रकथा आणि वॉल्ट डिस्ने यांचे चित्रपट पाहावेत, त्यांतील आकृती पुन्हा पुन्हा गिरवाव्यात आणि मग आपली कथा रचावी, असा त्यांचा स्वाध्याय होता.

महायुद्धाच्या अखेरीस शाळकरी मुलांना कारखान्यांत जुंपण्यात आले. तेझुकाही त्यांत होते. ओसाकावरील बाँबवर्षाव त्यांनी प्रत्यक्ष अनुभवला. त्या काळातही त्यांचे चित्र काढणे थांबले नाही. १९४५ साली त्यांनी वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला आणि १९४६ साली त्यांची पहिली चौकट-मालिका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. १९४७ सालच्या ‘नवे रत्नबेट’ या पुस्तकाने त्यांना नाव मिळवून दिले. पुढे ते वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाले, १९६१ साली डॉक्टरेटही मिळविली. तथापि जीवितकार्य म्हणून त्यांनी चित्रकथाच निवडली, आणि या निवडीत आईचा पाठिंबा त्यांना लाभला.

त्यांच्या सरावाचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. चित्रकथाकाराला एक सुंदर चित्र काढून भागत नाही. तोच चेहरा समोरून, बाजूने, हसताना, रडताना, धावताना शेकडो चौकटींत काढावा लागतो, आणि तरीही वाचकाला तो क्षणात ओळखू यावा लागतो. तेझुका आपल्या ठरावीक पात्रांना नाटक मंडळीतील नटांप्रमाणे निरनिराळ्या कथांत निरनिराळ्या भूमिका देत. त्यामुळे तेच चेहरे नव्या प्रसंगांत, नव्या भावनांसह त्यांच्या हाताखालून जात राहिले. काढलेली कथा पूर्ण करावी, प्रसिद्ध करावी आणि लगेच पुढची हाती घ्यावी, हा त्यांचा क्रम होता. मदतनीस असत हे खरे; तरीही चार दशकांत सुमारे दीड लाख पाने ही संख्या पाहता, दिवसाला सरासरी नऊ-दहा पाने पडतात.

परंतु परिश्रमी माणसालाही अपयश चुकत नाही. १९६० च्या दशकात वास्तवाचे भेदक चित्रण करणाऱ्या प्रौढ चित्रकथांची लाट आली आणि तेझुका यांची गोलसर, बालसुलभ रेषा जुनी ठरू लागली. १९७३ साली त्यांनी स्थापन केलेली चलच्चित्र संस्था दिवाळखोरीत गेली. त्यांचा काळ संपला, असे अनेकांना वाटले. यशस्वी कलावंताने पुन्हा विद्यार्थी होणे फार अवघड असते. तेझुका यांनी ते केले. त्यांची छायांकने गडद झाली, विषय प्रौढ झाले. त्याच वर्षी त्यांनी एका परवानाहीन शल्यविशारदाची ‘ब्लॅक जॅक’ ही मालिका आरंभिली. वैद्यकाचे जुने शिक्षण येथे कामी आले, आणि वाचक त्यांच्याकडे परतले.

याच कालखंडात, १९७२ ते १९८३ या वर्षांत, त्यांची ‘बुद्ध’ ही दीर्घ चित्रकथा आकारास आली. सिद्धार्थ गौतमाच्या चरित्राभोवती त्यांनी अनेक काल्पनिक पात्रे गुंफली. जातिबाह्य ठरविलेला बालक तत्त आणि गुलामगिरीत जन्मलेला चाप्रा यांच्या दुःखापासून ही कथा सुरू होते, हे आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल. इंग्रजी भाषांतरांतून ती भारतातही पोहोचली आहे.

पन्नाशी ओलांडल्यावर आपल्याला पूर्वीसारखे वर्तुळ काढता येत नाही, अशी खंत तेझुका यांनी बोलून दाखविली होती. हात थकला तरी त्यांनी लेखणी ठेवली नाही. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक कथा अपूर्ण होत्या. रुग्णशय्येवरही ते काम करीत होते.

कौशल्य एकदा मिळवून पेटीत ठेवता येत नाही. ते रोज नव्याने कमवावे लागते, हे या जीवनाचे सार आम्हांस वाटते. अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाची आठवण येथे सहजच होते. आपल्या मुलाच्या वहीत चित्रांची एखादी ओळ सापडली, तर पालकांनी रागावण्याआधी तिच्यातील कथा पूर्ण झाली आहे का, एवढे विचारावे. झाली नसेल तर ती पुरी करावयास सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी नवी वही द्यावी.