शपथ आणि अंतःकरण

माणसाची श्रद्धा हा धर्मसंस्थेचा व सरकारचा अधिकार, कीं ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा, या वादांत चार्ल्स ब्रॅडलॉ यांचें आयुष्य गेलें. त्यांचें चरित्र आमच्या वाचकांनीं अवश्य मनन करावें.

१८३३ सालीं लंडन शहरीं एका कारकुनाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. लहानपणीं ते चर्चच्या रविवारच्या शाळेंत शिकवीत. शुभवर्तमानें व चर्चचे ३९ धर्मनियम यांचा मेळ बसेना, म्हणून त्यांनीं पाद्र्यास खुलासा विचारला. खुलाशाऐवजीं नास्तिकपणाचा शिक्का मिळाला आणि कोवळ्या वयांत घर सुटलें. ते दलालीवर कोळसा विकूं लागले, तों मतें कळतांच गिऱ्हाइकें तुटलीं. कोळशाच्या वजनाचा व ईश्वराच्या अस्तित्वाचा संबंध काय, हें आमच्या व्यापारी वाचकांनींच सांगावें.

पुढें शिपाईगिरी व वकिलाकडील कारकुनी करून ते व्याख्यानांनीं प्रसिद्धीस आले. १८६६ सालीं त्यांनीं नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापिली. १८८० सालीं नॉर्थॅम्प्टनकरांनीं त्यांस पार्लमेंटांत निवडून दिलें. ईश्वराच्या नांवें शपथ घेण्याऐवजीं साधी प्रतिज्ञा करूं द्यावी, अशी त्यांनीं विनंति केली. ती अमान्य झाली. मग ते शपथेस तयार झाले, तर नास्तिकाची शपथ खरी कशी, म्हणून तीही घेऊं देईनात! एक रात्र त्यांस घड्याळाच्या मनोऱ्यांत कोंडलें. सभागृहानें घालवावें व मतदारांनीं पुन्हां निवडावें, असा क्रम चालला. अखेर १८८६ सालीं त्यांस जागा मिळाली, आणि १८८८ सालीं त्यांच्याच खटपटीनें कायदा झाला. ज्याची धर्मावर श्रद्धा नाहीं त्यास, तसेंच शपथ घेणें ज्याच्या धर्मास संमत नाहीं त्या श्रद्धावंतासही, या कायद्यानें प्रतिज्ञेची मोकळीक दिली.

१८८९ सालीं मोठ्या दुखण्यांतून उठून ते मुंबईच्या राष्ट्रीय सभेस आले होते. १८९१ सालीं त्यांचा अंत झाला. त्यापूर्वीं थोडेच दिवस सभागृहानें त्यांच्याविरुद्धचा जुना ठराव आपल्या दप्तरांतून काढून टाकला.

ब्रॅडलॉसाहेबांचें नास्तिक्य आम्हांस मान्य असावें असा आग्रह नाहीं. परंतु बळजबरीनें वदविलेल्या शपथेनें देवाचा मान वाढत नाहीं, हें आस्तिकांनींही ओळखावें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आमच्या राज्यघटनेंत शपथ वा प्रतिज्ञा, दोन्ही मार्ग मोकळे आहेत. कायदा येथवर आला. आतां मताबद्दल शेजाऱ्याचें गिऱ्हाईक तोडण्याची खोड आपण केव्हां सोडणार, एवढेंच आमचें विचारणें आहे.