फादर स्टीफन्स

मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ एका इंग्रज माणसाने लिहिला, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्यांचे नाव थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. पुढे तेथे राणी एलिझाबेथचे राज्य आले. राणीने प्रोटेस्टंट पंथ राजमान्य केला होता. स्टीफन्स कॅथलिक पंथाचे होते. त्या पंथाच्या लोकांचा छळ होई. त्यांच्या एका जिवलग मित्राला तर तुरुंगात टाकण्यात आले. अखेर स्टीफन्स देश सोडून रोमला गेले. १५७५ साली ते जेझुइट संघात दाखल झाले.

धर्म आणि राजसत्ता यांचे नाते रोम शहराला जुनेच होते. आरंभी रोमन बादशहांनी ख्रिस्ती लोकांचा छळ केला. पुढे इ. स. ३१३ मध्ये बादशहा कॉन्स्टंटाईनने त्यांना धर्मस्वातंत्र्य दिले. ३२५ मध्ये त्याने धर्मगुरूंची मोठी सभा नायसिया येथे भरवली. धर्माच्या प्रश्नावर बादशहाने सभा बोलवावी, ही नवीच गोष्ट होती. ३८० मध्ये बादशहा थिओडोसियसने ख्रिस्ती धर्म राजधर्म ठरवला. जो धर्म काल छळ सोसत होता, त्याच्या पाठीशी आता तलवार उभी राहिली.

बाराशे वर्षांनी गोव्यात असेच घडत होते. तेथे पोर्तुगालच्या राजाची सत्ता होती. धर्मप्रसाराचा खर्च राजा करी आणि बिशपांची निवडही तोच करी. १५६७ मध्ये साष्टी भागातील देवळे पाडण्यात आली. हिंदूंच्या पोथ्या बाळगण्यास मनाई झाली.

अशा गोव्यात स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात जहाजाने येऊन पोहोचले. १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी गावच्या लोकांनी पाच पाद्र्यांना ठार मारले. त्यांतील एक पाद्री अकबर बादशहाच्या दरबारात राहून नुकतेच परतले होते. पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी किल्ल्यात बोलावले आणि त्यांचे प्राण घेतले. त्याच वर्षी काही इंग्रज व्यापारी हेर समजून गोव्यात कैदेत ठेवले गेले. स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडवले.

स्टीफन्स यांनी आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे साष्टीत काढली. काही काळ ते आजच्या पालघर जिल्ह्यातील वसईलाही होते. ते कोकणी शिकले, मराठी शिकले. येथील लोकांना ओव्या ऐकण्याची गोडी आहे, हे त्यांनी ओळखले. नव्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या. नवे काही हाती आले नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ साली साष्टीतील राचोल येथे छापले गेले.

या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात आदम, नूह, इब्राहिम, मूसा यांच्या कथा आहेत. ही नावे तुमच्या ओळखीची आहेत. दुसऱ्या भागात येशूचे, म्हणजे हजरत ईसांचे, चरित्र ख्रिस्ती समजुतीप्रमाणे सांगितले आहे. त्यात रोमन सुभेदार पिलातही येतो. विषय परदेशचा असला तरी वळण संतांच्या ओव्यांचे आहे. मराठीची थोरवी गाताना स्टीफन्स यांनी फुलांच्या आणि रत्नांच्या उपमा दिल्या आहेत. परक्या माणसाने या भाषेवर इतके प्रेम करावे, याचे कौतुक वाटते. तरी ते त्याच राजसत्तेच्या छत्राखाली काम करत होते, हेही विसरता येत नाही.

हा मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला, कारण गोव्यात देवनागरी खिळे नव्हते. देशी लिपीचे खिळे पाडावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांना पत्र लिहिले होते. ती इच्छा पुरी झाली नाही. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते १६४० साली छापले गेले. पण ते पाहायला ते नव्हते. १६१९ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले.

१६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले. तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम झाला. ज्या राजसत्तेच्या आधाराने ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तीच आता त्याच्या भाषेवर उठली. स्टीफन्स यांच्या काळी छापलेली एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या होत्या. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्या जपल्या गेल्या. त्यांच्या आधारे १९०७ साली हा ग्रंथ मंगळूरला पुन्हा छापण्यात आला. पुढे लंडनमध्ये देवनागरी लिपीतील एक हस्तलिखितही सापडले.