खुर्चीवरून साधलेला नेम

उर्दूत आपण ज्याला निशाना म्हणतो, त्याला मराठीत नेम म्हणतात. तिरंदाज हा शब्द मात्र दोन्ही भाषांत चालतो. झाडावरच्या चिंचा पाडताना तुम्ही दगडाने नेम धरताच. त्या वेळी पाय घट्ट रोवावे लागतात, कंबर वळवावी लागते, श्वास क्षणभर रोखावा लागतो. आता विचार करा, ज्याच्या कमरेखालच्या शरीरात काही जाणीवच उरलेली नाही, जो खुर्चीतून उठू शकत नाही, त्याने नेम कसा धरावा? एका डॉक्टरांनी या प्रश्नाला उत्तर शोधले. त्यांचे नाव डॉ. लुडविग गुटमन.

त्यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट या गावी एका ज्यू, म्हणजे यहुदी, कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये आहे. तो सगळा मुलूख कोळशाच्या खाणींचा. खाणीत रोज अपघात होत. जखमी मजुरांसाठी तेथे एक रुग्णालय होते. १९१७ साली पहिले महायुद्ध चालू असताना लुडविग तेथे मदतनीस म्हणून काम करू लागला. एके दिवशी एका तरुण मजुराला आणण्यात आले. तो धट्टाकट्टा होता, पण त्याच्या पाठीचा कणा मोडला होता. डॉक्टरांनी त्याला प्लास्टरमध्ये बांधले आणि त्याच्या खाटेभोवती पडदे लावले. लुडविग त्याची माहिती टिपून घेऊ लागला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की हा काही आठवड्यांचाच सोबती आहे, लिहिण्याचा खटाटोप करू नकोस. झालेही तसेच. पाच आठवड्यांत तो मजूर मरण पावला. ते पडदे लुडविग जन्मभर विसरला नाही.

हा मजूर कशाने मेला, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या भागातही झाडावरून किंवा विहिरीत पडून कोणाचा कणा मोडतो. कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. मेंदूचे निरोप त्यातून हातापायांकडे जातात आणि अंगाची संवेदना मेंदूकडे येते. तो तुटला की खालचे अंग लुळे पडते. पण केवळ त्यामुळे मरण येते असे नाही. एकाच कुशीवर पडून राहिल्याने कातडीतला रक्तप्रवाह थांबतो आणि खोल जखमा होतात. रोग्याला त्या कळतही नाहीत, कारण तेथे वेदना पोहोचत नाही. लघवी तुंबते, तिच्यात जंतू वाढतात आणि ते विष सर्वांगात भिनते. त्या काळी असे बहुतेक रोगी या दोन कारणांनीच दगावत. दोन्ही टाळण्यासारखी होती. पण जो मरणारच आहे असे आधीच ठरले, त्याच्यासाठी कष्ट कोण घेणार?

लुडविगने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२४ साली तो डॉक्टर झाला. पुढे ब्रेस्लाऊ शहरात फोर्स्टर या नामांकित डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी मेंदू व मज्जातंतूंच्या रोगांचा अभ्यास केला. त्यांचे नाव होऊ लागले होते. इतक्यात १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमन शहरातील ज्यू रुग्णालयात काम करू लागले आणि काही वर्षांनी त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडण्यात व जाळण्यात आली. त्या रात्री दाराशी येईल त्याला काही न विचारता दाखल करून घ्या, असा हुकूम गुटमन यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना दिला. ६४ माणसे आत आली. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस आले. गुटमन त्यांना प्रत्येक खाटेजवळ घेऊन गेले आणि प्रत्येकाचा काही ना काही आजार सांगत राहिले. त्या ६४ पैकी ६० जण छळछावणीत जाण्यापासून वाचले. आजार नसलेल्यांना आजारी ठरवून जीव वाचवणारा हा डॉक्टर पुढे आजारी म्हणून टाकून दिलेल्यांना उठवून बसवणार होता.

मार्च १९३९ मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोहोचले. देश सुटला होता, भाषा परकी होती. ऑक्सफर्ड येथे त्यांना संशोधनाचे काम मिळाले, पण त्यांचे मन रोग्यांकडे ओढ घेई. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. लवकरच फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोठी चढाई होणार होती आणि पाठीत गोळ्या लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, हे सरकारला दिसत होते. म्हणून लंडनपासून सुमारे ६० किलोमीटरवर स्टोक मँडेव्हिल येथे खास विभाग काढण्याचे ठरले. हे काम घ्यायला फारसे कोणी उत्सुक नव्हते. गुटमन यांनी ते घेतले. मात्र आपल्या पद्धतीत कोणी ढवळाढवळ करू नये, अशी अट घातली. १ फेब्रुवारी १९४४ रोजी हा विभाग सुरू झाला.

त्यांनी रोग्यांचे प्लास्टर काढून टाकले. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रोग्याची कूस बदलायची असा नियम केला. मध्यरात्री स्वतः वॉर्डात येऊन नियम पाळला जातो की नाही ते पाहत. लघवीच्या नळीच्या स्वच्छतेबद्दल ते इतके काटेकोर होते की परिचारिका त्यांना घाबरत. स्वभावाने ते कडक, काहीसे हुकूमशहाच होते, असे त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगत. पण रोगी त्यांना प्रेमाने पॉपा, म्हणजे बाबा, म्हणत. जखमा भरू लागल्या, ताप उतरू लागले. मरण्यासाठी आणलेली माणसे मरेनात. मग पुढचा प्रश्न उभा राहिला. जगायचे ते कशासाठी? दिवसभर छताकडे पाहत पडून राहण्यासाठी? गुटमन यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन असे वर्ग सुरू केले. या माणसांनी घरी जावे, कमवावे, कर भरावा, असे त्यांना वाटे.

खेळ आला तो जवळजवळ अचानक. काही रोगी चाकांच्या खुर्चीत बसून, उलट्या धरलेल्या काठ्यांनी एक चकती इकडून तिकडे टोलवत होते. गुटमन यांनी ते पाहिले आणि औषधाची एक नवी बाटली सापडल्यासारखा त्यांना आनंद झाला. हा खेळ फार धसमुसळा होता, म्हणून लवकरच बंद करावा लागला. त्याच्या जागी खुर्चीवरचा चेंडूचा खेळ आला. पण गुटमन यांचे मन बसले ते तिरंदाजीवर.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. आपल्या पाठीवर एक रुंद स्नायू खांद्यापासून कमरेपर्यंत पसरलेला असतो. तो कमरेला चिकटलेला असला तरी त्याची नस मानेतून निघते. म्हणून कणा छातीच्या खाली मोडला तरी हा स्नायू जिवंत राहतो. तोच पुढे तोल सांभाळायला उपयोगी पडतो. धनुष्याची दोरी ओढताना नेमके हेच स्नायू राबतात: खांदे, दंड आणि पाठ. ज्याला आधाराशिवाय ताठ बसता येत नाही, तो रोज बाण सोडता सोडता बसायला शिकतो. व्यायाम कंटाळवाणा असतो, पण लक्ष्याच्या मधोमध बाण लागावा ही ओढ कंटाळा येऊ देत नाही.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. धावण्यात खुर्चीवरचा माणूस पायांवरच्या माणसाशी स्पर्धा करू शकत नाही. तिरंदाजीत तो करू शकतो. लक्ष्य तेच, अंतर तेच, बाण तेच. बदलायचे ते थोडेच. उभे राहण्याऐवजी बसण्याची परवानगी द्यायची. तोल जात असेल त्याला पट्ट्याने खुर्चीला बांधायचे. ज्यांची मान दुखावल्यामुळे बोटांत पकड उरली नव्हती, त्यांच्या हाताला धनुष्य पट्टीने बांधत आणि दोरी ओढण्यासाठी हातावर आकडा बसवत. इतके केले की उरलेले काम डोळ्याचे आणि धीराचे. स्टोक मँडेव्हिलचे तिरंदाज बाहेरच्या धडधाकट लोकांच्या क्लबांशी सामने खेळत असत.

२९ जुलै १९४८ हा दिवस गुटमन यांनी मुद्दाम निवडला होता. त्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिक स्पर्धांचे उद्घाटन होते. त्याच दिवशी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ तिरंदाज चाकांच्या खुर्च्यांत बसून रांगेने उभ्या केलेल्या लक्ष्यांसमोर आले. १४ पुरुष आणि २ स्त्रिया, सारे युद्धकाळात सैन्यदलांत सेवा केलेले. एक संघ स्टोक मँडेव्हिलचा, दुसरा रिचमंड येथील एका सैनिकी आश्रमाचा. पाहुणा संघ जिंकला. ऑलिंपिकच्या गजबजाटात या सामन्याकडे कोणाचे लक्ष जाणार! पुढच्या वर्षी गुटमन यांनी या खेळांना एक दिवस ऑलिंपिकचा दर्जा मिळेल अशी आशा बोलून दाखवली, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते स्वप्नरंजन वाटले.

त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये कारोली टाकाच या हंगेरीच्या सैनिकाने पिस्तुलाच्या नेमबाजीत सुवर्णपदक जिंकले. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला होता. तो गुपचूप डाव्या हाताने सराव करीत राहिला. १९५२ साली हेलसिंकीलाही त्यानेच सुवर्णपदक मिळवले. त्याची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना माहीत असते, आणि ती थोरच आहे. पण टाकाच आपल्या पायांवर उभा राहू शकत होता. त्याच्यासाठी खेळाला काही बदलावे लागले नाही. ज्यांना उभेच राहता येत नाही, त्यांच्यासाठी खेळाने बदलावे, हे गुटमन यांचे म्हणणे होते.

१९५२ साली हॉलंडचे खेळाडू आले आणि स्टोक मँडेव्हिलची स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली ती रोमला भरली. २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू आले. निवासाच्या इमारतींना जिने होते, त्यामुळे इटलीच्या सैनिकांना खेळाडूंना खुर्च्यांसह उचलून वरखाली न्यावे लागले. या स्पर्धेत मार्गारेट मॉन या ब्रिटिश स्त्रीने तिरंदाजीत सुवर्णपदक मिळवले. त्या शिक्षिका होत्या. आफ्रिकेत नोकरीवर असताना १९५९ साली मोटारीच्या अपघातात त्यांचा कणा दुखावला आणि त्या स्टोक मँडेव्हिलला आल्या. तेथेच त्यांनी प्रथम धनुष्य हातात धरले. आपण जिंकलो हे त्यांना ठाऊकही नव्हते. त्या परत जाण्यासाठी बसमध्ये बसल्या होत्या, तेव्हा पदक देण्यासाठी त्यांना शोधत माणसे आली. रोमची ही स्पर्धा आज पहिली पॅरालिंपिक मानली जाते. २०१२ साली लंडनला पॅरालिंपिक भरली, तेव्हा तिची ज्योत मार्गारेट मॉन यांच्या हातून पेटवण्यात आली.

गुटमन यांचा एक हट्ट मात्र मला पटत नाही. हे खेळ मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठीच आहेत, असे ते बरीच वर्षे धरून बसले. हातपाय तुटलेल्यांनी आणि अंधांनी पुष्कळ काळ दाराबाहेर वाट पाहिली. १९७६ साली कॅनडातील टोरांटोच्या स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळाला. त्याच स्पर्धेत बंदुकीची नेमबाजीही प्रथमच आली. धनुष्याबाबत जे झाले होते तेच येथे झाले. ज्यांना बंदूक स्वतः पेलता येते, ते खुर्चीत किंवा उंच स्टुलावर बसून, नाहीतर उभे राहून नेम धरतात. ज्यांच्या हातांत तेवढी ताकद नाही, त्यांच्या रायफलीखाली स्प्रिंग लावलेला आधार देतात. आधार वजन पेलतो, पण तो हलता असतो; त्यामुळे नेम स्थिर करण्याचे काम खेळाडूलाच करावे लागते. हाताची ताकद किती उरली आहे त्याप्रमाणे स्प्रिंग कमीअधिक ताठ असते. गोळी भरायलाही कोणी मदत केलेली चालते. चाप मात्र ज्याचा त्याने ओढायचा.

इंग्लंडच्या राणीने १९६६ साली गुटमन यांना सर ही पदवी दिली. १९७२ साली हायडेलबर्ग येथील स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिलेच सुवर्णपदक. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा आपला जवान. ज्या जर्मनीतून गुटमन यांना परागंदा व्हावे लागले होते, त्याच देशात ही स्पर्धा झाली. जखमी सैनिकांसाठी १९७४ साली पुण्याजवळ खडकी येथेही स्वतंत्र केंद्र निघाले.

१८ मार्च १९८० रोजी डॉ. गुटमन यांचे निधन झाले. दहा मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर असतो, पेन्सिलीच्या टोकाने कागदावर केलेल्या खुणेएवढा. खुर्चीवरच्या नेमबाजासाठी तो मोठा करीत नाहीत. ३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये याच ठिपक्यावर नेम धरून राजस्थानच्या अवनी लेखरा यांनी सुवर्णपदक मिळवले. त्याच दिवशी पुरुषांच्या स्पर्धेत कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर चौथे आले.