उडत्या मोटारीचा कर्टिस

ग्लेन कर्टिसचा जन्म १८७८ चा, न्यू यॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्ट गावचा. मेनिंजायटिसने बहिणीची श्रवणशक्ती गेली आणि तिच्या शाळेसाठी कुटुंबाने गाव बदलले. कर्टिसचे शिक्षण आठवीतच सुटले. आधी सायकली, मग मोटारसायकली. १९०७ मध्ये त्याने ताशी सुमारे २१९ किलोमीटर वेग गाठला, पुढच्या वर्षी विमान उडवले.

फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात त्याने ‘ऑटोप्लेन’ मांडले. अॅल्युमिनियमची तीन आसनी मोटार, वर एकावर एक तीन पंख, मागे पंखा. ते जेमतेम उसळ्या मारू शकले. एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि काम थांबले.

इतका वेग अंगावर घेतलेला हा माणूस गेला रुग्णालयात. जुलै १९३० मध्ये बफेलोत अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. नंतर रक्ताची गुठळी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली. वय अवघे ५२. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कित्येक दिवस अंथरुणातून उठू देत नसत. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो, म्हणून आता शक्य तितक्या लवकर चालवतात. गुठळी रोखणारे हेपरिन १९१६ मध्येच सापडले होते. ते रुग्णांपर्यंत पोहोचायला मात्र अजून काही वर्षे होती.